पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी

नाताळच्या सुट्टीत कोकणच्या किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबात हल्ली एक तरी कॅमेरावाला असतो. बाकीची मंडळी वाळूचे किल्ले करत असतात किंवा जेवणाच्या हाकेची वाट पाहत असतात, आणि हा गृहस्थ ओल्या वाळूवर पोटावर पडून एखाद्या चिखल्यामागे नाहीतर तुतवारामागे सरपटत असतो. सुट्टी संपेपर्यंत चारशे-पाचशे फोटो होतात. त्यांतले दहा-वीस नातेवाइकांना दाखवले जातात, बाकीचे पडून राहतात. शाळेच्या सहलींत आता आठवी-नववीची मुलेही हेच करू लागली आहेत. अशा फोटोंचा पक्षिशास्त्राला काही उपयोग असतो का, असे शिक्षक आम्हांला पुष्कळदा विचारतात. याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. पण फोटोला पुरावा म्हणून मान कसा मिळत गेला हे पाहिले, तर उत्तर बरेचसे स्पष्ट होते. हा इतिहास दीडशे वर्षांचासुद्धा नाही, आणि त्यातला मोठा वाटा हौशी माणसांचा आहे.

एकोणिसाव्या शतकात अमुक ठिकाणी अमुक पक्षी आढळला असे सांगायचे, तर तो पक्षी हातात असावा लागे. म्हणजे तो बंदुकीने मारायचा, कातडे सोडवायचे, त्याला आतून सोमलाचा साबण चोळायचा, कापूस भरायचा आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, नर की मादी आणि मिळवणाऱ्याचे नाव. नुसते 'मी पाहिला' म्हटले तर त्याला कोणी विचारत नसे. यात क्रौर्य होते, तसा थोडा नाइलाजही होता. आपण आज वापरतो तशी लोलकांची दुर्बीण झाइस कंपनीने १८९४ साली बाजारात आणली. त्याआधीच्या दुर्बिणींतून शेंड्यावरचा वटवट्या ओळखणे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. भारतात हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले ते ए. ओ. ह्यूम यांनी. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात भेटणारे ह्यूम ते हेच. त्यांनी १८८५ साली आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात ७५ हजारांहून अधिक नमुने होते.

कॅमेरा तोवर आलेला होता, पण पक्ष्यांच्या कामाचा नव्हता. १८५१ साली आर्चर यांनी काढलेल्या पद्धतीत काचेवर रासायनिक लेप द्यायचा, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात ती धुवायची, असा सगळा दहा-पंधरा मिनिटांचा मामला असे. बरोबर काळोखा तंबू न्यावा लागे, आणि काच प्रकाशात कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे. इतका वेळ निमूट बसणारा पक्षी बहुधा पेंढा भरलेलाच असायचा, आणि त्या काळातले बरेचसे 'पक्ष्यांचे फोटो' तसेच आहेत. १८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनचा लेप सुचवला. त्यात पुढे सुधारणा होऊन १८८०च्या सुमारास कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा दुकानात मिळू लागल्या. त्या कितीतरी अधिक संवेदनशील होत्या, त्यामुळे सेकंदाच्या अंशात फोटो निघू लागला. आता माणूस काचा पिशवीत घालून रानात जाऊ शकत होता, आणि त्या धुण्याचे काम घरी आल्यावर सवडीने करू शकत होता. हौशी छायाचित्रण खऱ्या अर्थाने इथून सुरू झाले.

तरी एक अडचण उरलीच, आणि ती वर्गात फळ्यावर मांडण्याजोगी आहे. काचेवर (आजच्या भाषेत सेन्सरवर) उमटणाऱ्या प्रतिमेची लांबी म्हणजे पक्ष्याची लांबी गुणिले भिंगाचे नाभीय अंतर भागिले पक्ष्याचे आपल्यापासूनचे अंतर. पक्षी ३० सेंटिमीटरचा, दहा मीटरवर बसलेला आणि भिंग ५० मिलिमीटरचे असेल, तर प्रतिमा येते अवघी दीड मिलिमीटर. ५०० मिलिमीटरचे भिंग लावले तर ती १५ मिलिमीटर होते. हलणाऱ्या पक्ष्याचेही असेच गणित आहे. सेकंदाला दहा मीटर वेगाने वीस मीटरवरून जाणाऱ्या कुरवाची प्रतिमा ५०० मिलिमीटरच्या भिंगातून सेकंदाला २५० मिलिमीटर सरकते. एक पन्नासांश सेकंदाचा फोटो घेतला तर पाच मिलिमीटरचा फराटा उमटेल. एक सहस्रांशाचा घेतला तर पाव मिलिमीटरचा. मुलांनी आकडे बदलून हे करून पाहावे. 'महागडा कॅमेरा घ्या' या सल्ल्यात नेमके कशाचे पैसे मोजायचे असतात हे त्यांना कळेल.

या दुसऱ्या गणिताची फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे यांनी जी सोडवणूक केली ती मोठी गमतीची होती. ते शरीरशास्त्रज्ञ होते आणि पक्षी उडतो कसा हे त्यांना पाहायचे होते. हिवाळ्यात ते नेपल्सला समुद्रकाठी राहायला जात. तिथे १८८२ साली त्यांनी चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. दस्ता खांद्याला लावायचा, नळीतून कुरवावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा, की आतली तबकडी फिरून सेकंदाला बारा फोटो निघत, आणि प्रत्येक फोटो एक सातशेविसांश सेकंदाचा. गोळी मात्र सुटत नसे.

पहिल्या गणिताला, म्हणजे लहान प्रतिमेला, सामान्य हौशी माणसाकडे एकच उपाय होता. तो म्हणजे पक्ष्याच्या अगदी जवळ जाणे. आणि पक्षी एकाच जागी परत परत येईल अशी खात्रीची जागा कोणती? घरटे. सुरुवातीची पक्षिछायाचित्रे बहुतेक सगळी घरट्यावरची आहेत, त्याचे कारण हे. रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे यॉर्कशरच्या खेड्यातून लंडनला आलेले दोघे भाऊ. १८९२च्या वसंतात त्यांनी कस्तुराच्या कुळातल्या थ्रश पक्ष्याच्या अंड्यांसकट घरट्याचा फोटो घेतला. १८९५ साली त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक निघाले. ते प्रत्यक्ष निसर्गात घेतलेल्या छायाचित्रांनी सजले होते. पक्ष्याने बुजू नये म्हणून त्यांनी पेंढा भरलेला पोकळ बैल तयार केला. त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह एक भाऊ उभा राहायचा. एकदा आतल्या भावाला घेरी आली आणि तो बैलासकट कोलमडला. दुसऱ्याने आधी त्या चार पाय वर केलेल्या बैलाचा फोटो काढला! आज जंगलात जे 'लपण' असते ते याच बैलाचे सुटसुटीत रूप म्हणायचे.

पण घरट्यापाशी जाण्याची किंमत होती. समोरच्या फांद्या छाटल्या किंवा बांधून ठेवल्याशिवाय फोटो नीट येत नसे. छाटल्या की पिल्लांवर ऊन येई आणि कावळ्याला घरटे दिसे. फोटो निघाला आणि घरटे संपले असे कितीतरी वेळा झाले असेल, आणि त्याची नोंद कुठल्याच पुस्तकात नसते. आता घरट्याचे फोटो टाळावेत असा संकेत पक्षिनिरीक्षकांत रुजू लागला आहे. आमच्या मते शाळांनी तर तो नियमच समजावा. लांब नाभीय अंतराची भिंगे हातात असताना घरट्याशी जाण्याचे जुने कारण उरलेलेही नाही.

कीर्टन बंधूंची कीर्ती मोठी, पण पुरावा या दृष्टीने आम्हांला एमा टर्नर यांचे काम अधिक मोलाचे वाटते. टर्नरबाई (१८६७-१९४०) केंटच्या. १९०० साली रिचर्ड कीर्टन यांची भेट झाल्यावर वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी हाती कॅमेरा धरला. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ नॉरफोक परगण्यात उथळ तळी आणि वेताची दाट बेटे असलेला दलदलीचा मुलूख आहे. तिथल्या हिकलिंग नावाच्या तळ्यावर त्यांनी एक घरनौका ठेवली. ती त्यांनी स्वतःच्या आराखड्याप्रमाणे बांधून घेतली होती. पुढली वीसहून अधिक वर्षे त्या दरवर्षी काही काळ तिच्यावर राहत. तुरेवाल्या मोठ्या पाणडुबीच्या घरट्यावरच्या त्यांच्या फोटोला रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. हे सगळे त्यांनी हौस म्हणूनच केले.

त्या भागात पूर्वी बिटर्न नावाचा पक्षी वीण करत असे. हा बगळ्याच्या कुळातला. अंगावर वाळलेल्या वेतासारख्या पिवळ्या-तपकिरी रेघा असतात, आणि चाहूल लागली की चोच आकाशाकडे करून तो असा ताठ उभा राहतो की वेतातला एक वेत वाटावा. दलदली आटवल्या गेल्या, शिकार झाली, आणि दुर्मिळ झाल्यावर तर संग्राहकांच्या बंदुका मागे लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधली त्याची वीण थांबली. १९११च्या जुलैत टर्नरबाई आणि स्थानिक रखवालदार जिम व्हिन्सेंट यांना वेतात त्याचे एक पिल्लू सापडले, आणि बाईंनी त्याचा फोटो घेतला. बिटर्न परत आला आहे आणि वीण करतो आहे हे त्या फोटोने सिद्ध झाले. पुराव्यासाठी पिल्लू मारावे लागले नाही.

हा फोटो मानला का गेला, याचा जरा विचार करू. प्रौढ बिटर्नचा फोटो असता तर तो युरोपातून हिवाळ्यासाठी आलेला पाहुणा असू शकला असता. उडता न येणारे पिल्लू समुद्र ओलांडून येऊ शकत नाही. म्हणजे फोटोत काय आहे हे महत्त्वाचे. पण तेच पिल्लू हॉलंडमध्ये टिपले नाही कशावरून? ते फोटो सांगत नाही. ते सांगतात जागा, तारीख, घेणारी व्यक्ती आणि सोबतचा साक्षीदार. म्हणजे कातड्याच्या पायाला बांधलेली तीच जुनी चिठ्ठी. फोटोबरोबर ती आली म्हणूनच फोटो कातड्याच्या पंक्तीला बसला.

याच बाई १९२४ आणि १९२५ असे दोन हंगाम नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या स्कॉल्ट हेड या वाळूच्या बेटावर पक्ष्यांच्या पहिल्या राखणदार म्हणून एका झोपडीत राहिल्या. बेटावर सुरय पक्ष्यांच्या वसाहती आहेत. ते उघड्या वाळूवरच अंडी घालतात, त्यामुळे सुट्टीला येणाऱ्या हौशी पाहुण्यांच्या पायांखाली ती सहज चिरडतात. तेव्हा वयाची पंचावन्न वर्षे उलटलेल्या या बाईंना वर्तमानपत्रांनी 'इंग्लंडमधली सर्वांत एकाकी स्त्री' ठरवून टाकले. बाईंना भेटायला येणाऱ्यांचा राबता इतका होता की त्यांना या बिरुदाचे हसूच आले असावे.

आता उलट बाजू पाहू. हातात पक्षी आहे म्हणजे पुरावा पक्का, असे ज्यांना वाटत होते त्यांना १९६२ साली जोराचा धक्का बसला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे गाव आहे. १८९२ ते १९३० या काळात त्याच्या आसपास दुर्मिळ पक्षी मारल्याच्या शेकडो नोंदी झाल्या होत्या. कातडी होती, चिठ्ठ्या होत्या, सगळे रीतसर होते. त्यांतले पुष्कळ पक्षी जॉर्ज ब्रिस्टो या पेंढा भरणाऱ्या कारागिराच्या दुकानातून आलेले. 'ब्रिटिश बर्ड्स' मासिकात मॅक्स निकल्सन आणि जेम्स फर्ग्युसन-लीझ यांनी या नोंदींची चिरफाड केली, आणि जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञांनी त्या शेजारच्या भागांतल्या व नंतरच्या काळातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. एवढ्याशा पट्ट्यात, एवढ्याच वर्षांत, इतके दुर्मिळ पक्षी येणे संभवनीयतेच्या कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. पक्षी बहुधा परदेशातून बर्फात घालून आणले गेले असावेत. ब्रिटनच्या पक्ष्यांच्या यादीतून २९ जाती-उपजाती खोडाव्या लागल्या. गंमत अशी, की त्यांतल्या बऱ्याच जाती पुढे खरोखरच ब्रिटनमध्ये दिसल्या आणि नव्या पुराव्यानिशी यादीत परत आल्या. म्हणजे पक्षी खरे होते, कातडी खरी होती. खोट्या होत्या त्या चिठ्ठ्या.

आपल्याकडचे उदाहरण तर थेट महाराष्ट्रातले आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. त्याची एकूण जेमतेम सात कातडी मिळाली. खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन या अधिकाऱ्याने त्यांतली काही १८८०च्या दशकात मिळवली होती. सगळ्यांत अलीकडचा नमुना म्हणून मात्र १९१४ साली गुजरातेत मिळालेले एक कातडे दाखवले जाई, आणि त्यावर नाव होते कर्नल माइनर्ट्सहागेन यांचे. त्या पत्त्यावर शोध घेऊन पक्षी सापडत नव्हता. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांनी ते कातडे बारकाईने तपासले. डेव्हिडसन यांची कातडे भरण्याची जी खास ढब होती तिच्या खुणा त्यात निघाल्या. म्हणजे ते डेव्हिडसन यांचेच कातडे होते. संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून त्याला नवी चिठ्ठी बांधलेली होती. ती चिठ्ठी बाद केल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे तेवढी उरली. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या सोबत्यांसह रासमुसेन ती धुंडाळत निघाल्या. १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. या वेळी कोणी बंदूक उचलली नाही. फोटो आणि व्हिडिओ घेतले, आणि जगाने ते मानले.

यावरून कातड्यांचे संग्रह आता निरुपयोगी झाले असे म्हणणाऱ्यांशी मात्र आम्ही सहमत नाही. वरची चोरी पकडली गेली तीसुद्धा कातड्यावरूनच. फोटोतून पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये मिळत नाही, पिसातला डीएनए मिळत नाही. डीडीटीच्या काळात ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली दाखवले, ते हौशी संग्राहकांनी पूर्वी जमवून ठेवलेल्या अंड्यांशी तुलना करून. त्या संग्राहकांनी डीडीटीचे नावही ऐकले नव्हते. त्यांनी अंड्यांबरोबर तारखा आणि ठिकाणे लिहून ठेवली होती, म्हणूनच ही तुलना करता आली.

तेव्हा किनाऱ्यावरच्या आपल्या कॅमेरावाल्याकडे परत येऊ. हिवाळ्यात कोकणच्या वाळूवर कुरवांचे थवे बसतात. त्यांत तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा अशा दोन जाती मिसळलेल्या असतात, पण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच! कानाजवळ एक डाग तेवढा उरतो. थवा उडाल्याचा एक साधासा फोटो असेल, तर पंखांची टोके पाहावीत. काळ्या टोकात पांढरे ठिपके असले तर तो प्रौढ तपकिरी डोक्याचा, म्हणजे तिबेट-मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकडून आलेला. पंखाची पुढची कड पांढरी आणि ठिपके नाहीत, तर काळ्या डोक्याचा. हे काम डोळ्याने त्या क्षणी होत नाही, फोटोवरून घरी बसून होते. दहावीच्या मुलांना ते उत्तम जमते.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. रोलचा कॅमेरा होता तेव्हापासूनच्या त्यांच्या प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने तारीख, गावाचे नाव आणि 'भरती' किंवा 'ओहोटी' एवढे लिहिलेले असते. फोटो सुंदर नाहीत, काही तर धूसर आहेत. पण तुतवारांचा थवा डिसेंबरात दिसला तर त्यात नवल नाही. तोच जूनच्या मध्यावर दिसला, तर ती पहिल्या वर्षी उत्तरेला न जाता इथेच उन्हाळा काढणारी तरुण पाखरे असण्याचा संभव मोठा. फोटो तोच, आणि तारीख नसली की हा सगळा अर्थ नाहीसा होतो. डिजिटल कॅमेरा तारीख आपोआप नोंदवतो खरा, पण बॅटरी उतरून घड्याळ मागे गेलेले कोणी पाहत नाही. फोनवरून एकमेकांना पाठवताना ती माहिती गळूनही पडते. सहलीला निघताना कॅमेऱ्याचे घड्याळ लावणे आणि वहीत किनाऱ्याचे नाव लिहिणे, याला दोन मिनिटे पुरतात. घरी आल्यावर या नोंदी २००२ साली सुरू झालेल्या 'ई-बर्ड'सारख्या जागी फोटोसह देता येतात.

थवा उडवून फोटो घेण्याबद्दल एक सांगितले पाहिजे. चिखल्या, तुतवार यांचे खाणे ओहोटीच्या चार-सहा तासांत उरकायचे असते. भरतीच्या वेळी ते कोरड्या वाळूवर एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात. मार्च-एप्रिलमध्ये तर हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवणे चालू असते. अशा वेळी कुणी धावत जाऊन थवा पुन्हा पुन्हा उठवला, तर जमवलेली चरबी किनाऱ्यावरच जळते. पक्षी मरत नाही म्हणून त्याचे नुकसान झाले नाही असे नाही.

आणि शांतपणे पडून राहिलेल्याला कधी कधी एक वेगळीच गोष्ट मिळते. 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'ने सालिम अलींच्या पुढाकाराने १९५९ पासून स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम हाती घेतले. जुनी धातूची कडी वाचायला पक्षी पुन्हा पकडावा लागे. आता किनारी पक्ष्यांच्या पायाला त्याबरोबर प्लास्टिकची रंगीत चिकटपट्टीएवढी निशाणे लावतात. रंग कोणत्या देशात किंवा ठिकाणी पक्षी पकडला होता ते सांगतात, आणि निशाणावरची अक्षरे तो नेमका कोणता पक्षी ते. म्हणजे चिठ्ठी पुन्हा पायातच आली, फक्त पाय जिवंत पक्ष्याचा आहे. ती दुरून वाचण्याचे काम मोठ्या प्रमाणात हौशी लोकांचे कॅमेरेच करतात.

असा पक्षी दिसला तर एका फोटोवर थांबू नये. पाय ओल्या वाळूत असतात, निशाण फिरते, अक्षरे झिजलेली असतात, म्हणून दहा-पंधरा फोटो घ्यावेत. निशाण डाव्या पायाला की उजव्या, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, दोन असतील तर वरचे कोणत्या रंगाचे, हे तिथल्या तिथे वहीत लिहावे. जुनी पारदर्शिका उलट्या बाजूने धरून कॉपी केली किंवा फोनने फोटो आरशासारखा उलटवला, की डावा पाय उजवा होतो आणि तो पक्षी भलत्याच देशातून आल्याचे ठरू शकते. अक्षरे वाचता आली नाहीत तरी नोंद सोडून देऊ नये. नुसते रंग, पाय, तारीख आणि किनाऱ्याचे नाव सोसायटीला कळवले, तरी तो कुठून आला असेल याचा अंदाज बांधता येतो.